‘कुठेतरी टाकून दे’ : ठाणे-नवी मुंबईतल्या संशोधन मार्गदर्शकांना खुले पत्र

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. सव्वीस वर्षं झाली. तुमच्यापैकी बरेच जण मला एका वाक्यापुरतं ओळखता : ‘मॅडम, तो प्लेजरिझमचा रिपोर्ट आजच्या आज मिळेल का?’ तो, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का हे तपासणारा अहवाल, मी आजवर देत आले. आज माझंच तुमच्याकडे एक मागणं आहे. ते प्राचार्यांमार्फत, योग्य त्या मार्गाने वगैरे पाठवलं तर कुठल्या फायलीत जाऊन बसेल हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे उघड पत्र.

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. संध्याकाळचे पावणेसहा. मी वाचनकक्षाचे पंखे बंद करत होते आणि एक मुलगी धापा टाकत काउंटरवर आली. प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतेय, घर बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात. ट्रान्स-हार्बरची गाडी उशिरा आली म्हणून उशीर झाला, असं सांगत तिने पेनड्राइव्ह पुढे केला. ‘सर म्हणाले, पेपर तयार आहे, केअरमधल्या कुठल्यातरी जर्नलला टाकून दे. मॅडम, तुम्ही टाकून देता का?’

तिचं नाव लिहीत नाही. तिचा विषय निवटी, म्हणून आपण तिला निवटीवाली म्हणू. निवटी तुम्हाला माहीत असेल. खाडीला ओहोटी लागली की चिखलावर टुणटुण उड्या मारणारा, डोळे डोक्यावर घेऊन फिरणारा मासा. शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी. कोळीवाड्यात त्याचं कालवण होतं आणि प्रयोगशाळेत त्याचा प्रबंध.

‘टाकून दे’ हे दोन शब्द मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलेत. मराठीत पत्र टाकतात आणि कचराही टाकतात. तिच्या सरांना पहिला अर्थ अभिप्रेत असणार. पण त्या पेनड्राइव्हवरची फाइल उघडल्यावर मला दुसराच आठवला.

पहिली गंमत म्हणजे ज्या केअरमध्ये, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत, टाकायचं होतं ती यादीच तेव्हा बंद होऊन महिना उलटला होता. आयोगाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत ती गुंडाळायचं ठरवलं आणि ११ फेब्रुवारी २०२५ ला तशी जाहीर सूचना काढली. (त्याच ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. आमच्या स्टाफरूममध्ये त्याचे पेढे वाटले. दुसऱ्या निर्णयाची बातमी बऱ्याच जणांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.) आता नियतकालिक बरं की वाईट, हे पाहायला आयोगाने काही निकष सुचवलेत आणि निवाडा संस्थांवर सोडलाय. संस्थेने म्हणजे विभागाने, आणि विभागाने म्हणजे, सर, तुम्ही.

यादी गेली याचं मला फारसं दुःख नाही. याद्यांचा इतिहास मी याच खुर्चीत बसून पाहिलाय. केअरच्या आधीची जी ‘मान्यताप्राप्त’ यादी होती, तिच्यातून मे २०१८ मध्ये आयोगाने एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. त्याच वर्षी पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मध्ये छापलेल्या पाहणीत, विद्यापीठांनी सुचवलेल्या पण मोठ्या सूचींमध्ये नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के साध्या साध्या निकषांतही बसली नव्हती. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची माहितीच नाही. पण तोवर त्या हजारो नियतकालिकांत आपल्याच लोकांचे पेपर छापून झाले होते, त्यावर बढत्याही झाल्या होत्या. यादीने एवढंच केलं की आपण डोळ्यांनी बघायचं सोडून दिलं.

मग मी आणि निवटीवालीने डोळ्यांनी बघायला सुरुवात केली. तिच्या फोनवर एक व्हॉट्सॲप मेसेज होता. ‘७२ तासांत प्रकाशन, केअर ग्रुप वन, फी फक्त १,८०० रुपये, प्रत्येक लेखकास स्वतंत्र प्रमाणपत्र.’ ती संकेतस्थळाची लिंक उघडून मी तिला म्हटलं, काही करू नकोस, नुसता ताजा अंक वाच. पहिला लेख संत जनाबाईंच्या अभंगांवर. दुसरा फ्लाय-अ‍ॅश घातलेल्या काँक्रीटवर. तिसरा परिचारिकांच्या ताणतणावावर, चौथा म्युच्युअल फंडांवर. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली छत्री, मोबाइलचं कव्हर आणि मोगऱ्याचा गजरा शेजारीशेजारी मिळतो, तसा कारभार. तिथे निदान गजरा ताजा असतो.

‘पण मॅडम, आयएसएसएन खरा आहे,’ ती म्हणाली. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक. होताच खरा. आम्ही आयएसएसएनच्या पोर्टलवर तो आठ आकडी क्रमांक घातला तर त्याच नावाचं परदेशातलं एक जुनं, सभ्य नियतकालिक निघालं. त्याचं स्वतःचं संकेतस्थळ वेगळंच होतं. आमच्यासमोर होतं ते त्याचं नाव आणि नंबर चोरून उभं केलेलं दुकान. अशा प्रकाराला अपहृत नियतकालिक म्हणतात, आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्या फोनवर असे मेसेज रोज येतात. आयएसएसएन म्हणजे गाडीचा नंबर. गाडी नोंदवलेली आहे एवढंच तो सांगतो. ती चालवणारा प्यायलेला आहे का, ते सांगत नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, नाहीतर हे पत्र म्हणजे शहाणपणाच्या गोष्टी होतील. आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने बढतीसाठी मोजायचे एपीआयचे गुण आणले आणि ते आम्हा ग्रंथपालांनाही लागू झाले. २०१३ साली माझे काही गुण कमी पडत होते. मी एका अशाच नियतकालिकाला पैसे भरले. पेपर ‘महाविद्यालयीन ग्रंथालयांतील वाचकसेवा : एक अभ्यास’. पाच दिवसांत स्वीकारला. एक शब्द बदलायला सांगितला नाही, आणि मी ते माझं कौतुक समजले. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं. आज ते संकेतस्थळ उघडत नाही. तो पेपर जगात फक्त एका ठिकाणी आहे, माझ्या घरच्या कपाटात, प्रमाणपत्राखाली. त्यात एक बऱ्यापैकी निरीक्षण होतं, संध्याकाळी साडेचार ते सहामध्ये कोणते विद्यार्थी येतात आणि का, याबद्दलचं. ते कुणी वाचलं नाही, खोडून काढलं नाही, पुढे नेलं नाही. त्या वेळी मला कुणी म्हणालं असतं, की थांब, हे नीट कर, तर बरं झालं असतं. कुणी म्हणालं नाही, कारण सगळे तेच करत होते.

म्हणून निवटीवालीला मी म्हटलं, टाकून देत नाही, पण शनिवारी दुपारी ये, बघू. चार शनिवार लागले. त्या चार शनिवारांत जे झालं ते तुम्हाला सांगणं हाच या पत्राचा गाभा आहे. कारण त्यातलं बहुतेक काम माझं नव्हतंच.

पहिला शनिवार शीर्षकात गेला. तिचं शीर्षक होतं ‘ठाणे खाडीतील माशांच्या काही पैलूंचा अभ्यास : विशेष संदर्भ निवटी’. आपल्या विद्यापीठीय मराठीत आणि इंग्रजीतही हा ‘विशेष संदर्भ’ कुठून आला देव जाणे. मी विचारलं, बाकी माशांबद्दल काय आहे? काही नाही. मग कुठले पैलू? लांबी आणि वजन. म्हणजे तो विशेष संदर्भ हाच सगळा पेपर होता. मासा लांबीला दुप्पट झाला आणि त्याच्या अंगाची ठेवण तीच राहिली, तर त्याचं वजन आठपट व्हायला हवं. तसं होतं का, की मासा वाढताना रोडावतो किंवा गुबगुबीत होतो, हे त्या आकड्यांतून कळतं, आणि त्यावरून खाडी त्याला पोसतेय की नाही याचा अंदाज येतो. हे तिने मला पाच मिनिटांत, हात पसरून, फार सुंदर समजावलं. पेपरच्या सहा पानांत ते कुठेही नव्हतं. प्रस्तावना ‘मत्स्यव्यवसाय हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे’ इथपासून सुरू होत होती.

दुसऱ्या शनिवारी प्लेजरिझम. तिचा पहिला रिपोर्ट २३ टक्के आला होता आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की दहाच्या खाली आणल्याशिवाय कुणी उभं करत नाही. आयोगाचे २०१८ चे नियम मी टेबलावर ठेवले. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, हे खरं. पण त्याच नियमांत संदर्भसूची, योग्य श्रेय देऊन केलेली उद्धृतं, प्रमाण सूत्रं, सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य हे सगळं वगळायला सांगितलंय. ते वगळलं तेव्हा २३ चे ६ झाले. पण तोवर उशीर झाला होता. तिने सगळा मजकूर एका शब्द बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढला होता. त्या यंत्राने तिच्या इंग्रजीतल्या ‘मडफ्लॅट’चं, म्हणजे खाडीकाठच्या चिखलपट्ट्याचं, ‘मड अपार्टमेंट’ करून ठेवलं होतं. सहा ठिकाणी. निवट्या चिखलाच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाईमामा बघायला आले. सिडकोचं लक्ष खाडीवर आहे हे माहीत होतं, पण ताबा इतका आत गेला असेल असं वाटलं नव्हतं.

हसण्यावारी नेऊ नका मात्र. अशा वेड्यावाकड्या शब्दप्रयोगांना ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ असं नाव २०२१ साली फ्रान्स आणि रशियातल्या संशोधकांच्या गटाने दिलं, आणि ते शोधून शोधून छापलेले पेपर उघडे पाडायला सुरुवात केली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ छापून आलं होतं, नावाजलेल्या प्रकाशकांकडे. म्हणजे टक्केवारी उतरवण्यासाठी तुमचा विद्यार्थी जे करतो, तीच उद्या त्याच्याविरुद्धची खूण ठरते. हे सगळं टाळायला एकच गोष्ट पुरली असती. मार्गदर्शकाने तो रिपोर्ट उघडून, रंगवलेल्या ओळी वाचून, ही चोरी आहे आणि ही नाही, एवढं सांगायला हवं होतं. आकडा सगळे बघतात, रंगवलेल्या ओळी कुणी बघत नाही.

मराठीतून लिहिणाऱ्यांचं दुखणं याहून निराळं, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी. इतिहास-मराठीच्या आपल्या कित्येक प्राध्यापकांच्या फायली अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहेत. त्या संपादकाच्या संगणकावर उघडल्या की नुसते इंग्रजी अक्षरांचे डोंगर दिसतात, आणि रूपांतर केलं की रफार उडतात, ‘र्‍हस्व’ हरवतात. शिवाय अशा फाइलचा प्लेजरिझम रिपोर्ट शून्य टक्के येतो, कारण यंत्राला त्यात मराठी दिसतच नाही. तो शून्य अभिमानाने जोडलेला मी पाहिलाय.

तिसरा शनिवार मला विसरता येत नाही.

पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य होतं : ‘नमुने ठाणे खाडीतून गोळा केले.’ मी ग्रंथपाल आहे, मला माशातलं कळत नाही, पण पत्ता अर्धवट असला की कळतं. विचारलं, खाडीत कुठून? ती म्हणाली, बहुतेक आमच्या दिवाळ्याच्या जेट्टीच्या बाजूला, पाणी उतरल्यावर, बिळात कोपरापर्यंत हात घालून. आणि दोन महिने ऐरोलीकडे, कारण तेव्हा सर म्हणाले होते की थोडी ठिकाणं वाढव, पेपर भारदस्त दिसतो.

ऐरोली म्हटल्यावर मी थांबले. ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यानचा खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अभयारण्यातून जीव उचलायचा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं ऑफिस काही चंद्रावर नाही. तिला ठाऊकच नव्हतं. तिची त्या महिन्यांची वही आम्ही उघडली. त्यात तारीख, भरती-ओहोटीची वेळ, चिखलाचं तापमान, सगळं होतं. नव्हती ती फक्त जागेची नेमकी नोंद. कोणत्या काठाला, हद्दीच्या आत की बाहेर, हे सिद्ध करता येईल असं काहीच नाही. आणि नियतकालिकाच्या पोर्टलवर रकाना होता : परवानगी क्रमांक. त्याला लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

तिने विचारलं, ‘लागू नाही’ लिहू का?

मी काही बोलले नाही. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मग वहीतली ती दोन महिन्यांची पानं तिने अंगठ्याने दुमडली आणि तक्त्यातून त्या ओळी काढायला लागली. एकेक ओळ निवडून, एकेक डिलीट. पहाटे चारला उठून, ओहोटीला कंबरेपर्यंत चिखलात उतरून मिळवलेले आकडे होते ते. ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, ‘हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी दिवाळ्यालाच केलं असतं हो. आमच्याकडे काय निवट्या कमी आहेत का?’

सर, त्या वाक्याचं उत्तर मी द्यायचं नव्हतं.

चौथा शनिवार लेखकांच्या नावांचा. पेपरवर चार नावं होती. पहिलं मार्गदर्शकांचं, दुसरं विभागप्रमुखांचं, तिसरं दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका सरांचं, ज्यांना ती एकदाही भेटली नव्हती, आणि चौथं तिचं. हे आपल्याकडे नवीन नाही. लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ खाली सगळ्या काकांची नावं येतात, तसंच. पण पोर्टलने प्रत्येकासमोर चौदा चौकोन उघडले. संकल्पना, पद्धत, नमुने गोळा करणं, विश्लेषण, पहिला मसुदा, दुरुस्ती, निधी मिळवणं असे चौदा प्रकारचे वाटे. क्रेडिट म्हणतात त्या पद्धतीला. कुणी काय केलं त्यावर खूण करा. तिच्या नावापुढे आठ खुणा झाल्या. मार्गदर्शकांच्या नावापुढे ‘देखरेख’. उरलेल्या दोन नावांपुढे ती माउस नुसता फिरवत राहिली. कुठे टेकवायचा ते तिला सुचेना. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी घालून दिलेली लेखकपणाची कसोटी आता बाकी शास्त्रांतही मानतात : कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग, अंतिम मसुद्याला संमती आणि चुकीची जबाबदारी. चारही हव्यात, एखादी नाही. शेवटची कसोटी तर सगळ्यांनी वाचावी. उद्या त्या परवानगीवरून प्रश्न आला असता तर चौघांनाही उत्तर द्यावं लागलं असतं, त्या न भेटलेल्या सरांनासुद्धा.

तिने दोन नावं काढायचं ठरवलं आणि तसा नम्र ई-मेल मार्गदर्शकांना केला. मजकूर तयार करायला आम्हाला पेपरच्या गोषवाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं : ओके. मला ते मनापासून आवडलं, हे इथे नोंदवते.

तिच्या स्वतःच्या नावाचाही घोळ होताच. लग्न झालंय गेल्या वर्षी. आधार कार्डावर नवं आडनाव, विद्यापीठाच्या नोंदणीत जुनं, आणि आधीच्या एका परिषदेच्या स्मरणिकेत वडिलांचं नाव आडनाव म्हणून छापलेलं. आपल्या तीन पदरी नावांचं काय करायचं हे परदेशी यंत्रांना आजही उमगत नाही. तिला संशोधकाची कायमची ओळख ठरणारा सोळा आकडी ऑर्किड क्रमांक काढून दिला. फुकट मिळतो, दहा मिनिटं लागतात, आणि पुढे आडनाव काहीही झालं तरी काम तिच्याच खात्यावर राहतं. तुमच्या प्रत्येक विद्यार्थिनीला नोंदणीच्याच दिवशी हे करायला सांगा.

तर मे महिन्यात पेपर गेला. नऊ दिवसांत परत आला : आमच्या कक्षेत बसत नाही. निवटीवालीला वाटलं सगळं संपलं. मी तिला म्हटलं, अगं, एका स्थळाने नाही म्हटलं तर मुलीत खोट असते का? (आणि हो, एका वेळी एकाच स्थळाकडे बोलणी. तीन नियतकालिकांना एकदम पाठवायचा सल्ला तिला ज्यांनी दिला, त्यांनी स्वतः कधी संपादकाची बोलणी खाल्लेली नसावीत.) चूक आमचीच होती. त्या नियतकालिकाचे मागचे अंक आम्ही चाळलेच नव्हते. दुसऱ्या वेळी आधी दोन वर्षांचे अंक वाचले, लेखकाकडून पैसे न घेणारं भारतीय नियतकालिक निवडलं आणि जूनच्या पहिल्या पावसात पुन्हा पाठवलं. पैसे न घेणारी चांगली नियतकालिकं आपल्या देशात आहेत, सर. फी भरल्याशिवाय छापून येत नाही हा समज आपणच पसरवलाय.

उत्तर दिवाळी उलटल्यावर आलं. पाच महिने. ७२ तासांची जाहिरात वाचलेल्या मुलीला पाच महिने म्हणजे जन्म वाटतो, आणि या काळात तिला मागे हटू न देणं हे फार मोठं काम आहे. दोन समीक्षकांनी मिळून अकरा प्रश्न विचारले होते. कोण आहेत ते माहीत नाही, त्यांना याचे पैसे मिळत नाहीत, तरी त्यांनी तिची सहा पानं शब्दन्‌शब्द वाचली होती. पहिलाच प्रश्न : मासे ताजे असताना मोजले की फॉर्मलीनमध्ये ठेवल्यावर? कारण फॉर्मलीनमध्ये लांबी आणि वजन दोन्ही बदलतात, आणि मग सगळं गणितच वेगळं. तिने ताजेच मोजले होते, बर्फात आणून, त्याच सकाळी. वहीत होतं. पेपरात नव्हतं. हा प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात, पहिल्या दिवशी विचारण्याचा होता, आणि तो विचारायला समीक्षकाची गरज नव्हती.

मला तुमच्या अडचणींची कल्पना आहे. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. त्यावर परीक्षेचं काम, नॅकच्या मूल्यांकनाचे कागद, प्रवेशाचे दिवस, आणि आता रविवारीसुद्धा वाजणारे स्टाफचे ग्रुप. पीएच.डी. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीही आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी काढली. ती सक्ती गेली, पण ‘एखादा टाकून ठेव, असलेला बरा’ ही सवय उरली. माझं म्हणणं उलट आहे. सक्ती नाही तर टाकूच नका. एकही नसला तरी चालेल. पण करायचा तर त्याच्याबरोबर बसा.

वर्षभर बसा असं नाही म्हणत. तीन वेळा बसा. नमुना उचलण्याआधी एकदा : जागा कोणती, परवानगी कुणाची, वहीत काय काय लिहायचं आणि नावं कुणाची येणार. मसुदा झाल्यावर एकदा, नियतकालिकाचे मागचे अंक समोर ठेवून. आणि ‘सबमिट’चं बटण दाबताना तिच्या शेजारच्या खुर्चीवर एकदा, म्हणजे लाल चांदणीचा रकाना येईल तेव्हा ‘लागू नाही’ लिहायचं की नाही हे तिला एकटीला ठरवावं लागणार नाही. खुर्ची मी देते. चहाही देते, जरी वाचनकक्षात खाण्यापिण्यास मनाई असली तरी.

महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांनाही एक सुचवते. केअरच्या जागी स्वतःची यादी करायला बसू नका, ती दोन वर्षांत शिळी होईल. त्याऐवजी पाठवण्याआधी तो पेपर महाविद्यालयातल्या दुसऱ्या विषयाच्या कुणालातरी वाचायला द्या. मी ग्रंथपाल असून मला पत्ता अर्धवट आहे हे दिसलं. रसायनशास्त्राच्या मॅडमना नक्की दिसेल.

आता निवटीवालीचं पुढे काय. अकरापैकी दहा प्रश्नांची उत्तरं लिहून झालीत. अडलंय एकावर. दुसऱ्या समीक्षकाने विचारलंय : बिळात मासा आहे की ते रिकामं आहे, हे तुम्ही हात घालण्याआधी कसं ठरवलंत? पद्धत स्पष्ट करा. पेपरात तिने लिहिलं होतं, ‘स्थानिक माहितीच्या आधारे’. ती स्थानिक माहिती म्हणजे तिची आई. वर्षभर दर ओहोटीला तीच पुढे चालायची आणि नुसतं बोट दाखवायची, ह्यात हाय, ह्यात नाय. कशावरून, हे निवटीवालीने कधी विचारलंच नव्हतं, घरातलंच माणूस म्हणून. आभारांत प्राचार्यांचं, विभागप्रमुखांचं, प्रयोगशाळा साहाय्यकांचं नाव होतं. आईचं नव्हतं. आता ते घालायचंय, आणि त्याआधी ती पद्धत तिच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायची आहे.

संपादकांनी दिलेली मुदत या महिनाअखेरीस संपते. येत्या शनिवारी दुपारी दोनला निवटीवाली आईला घेऊन वाचनालयात येणार आहे. तिच्या सरांना मी वेगळा निरोप पाठवलाय. बाकी कुणाला ऐकायचं असेल तर त्यांनीही यावं. शनिवारी आम्ही चारला बंद करतो.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, ठाणे